सुटीत शिकलेली कारागिरी

सुटीच्या प्रवासात एखादी हस्तकला स्वतः करून शिकायची, ही पर्यटनाची रीत आता जगभर रुजली आहे. कारागिराच्या ओट्यावर बसायचे, त्याची हत्यारे हातात घ्यायची, दोन तासांत किंवा चार दिवसांत जमेल तेवढे करायचे आणि केलेली वस्तू घेऊन परतायचे, असे तिचे साधारण स्वरूप. ही घडी सर्वांत नेटकी बसवली ती जपानने. महाराष्ट्रात डहाणूच्या वारली पाड्यांपासून सावंतवाडीच्या चितार आळीपर्यंत ती हळूहळू पसरते आहे, पण विस्कळीतपणे. तिचा विचार करताना एक प्रश्न मध्यभागी ठेवावा लागतो: सुटीच्या तोकड्या वेळात कलेचा कोणता भाग खरेपणाने शिकवता येतो? प्रत्येक कलेला तिचा स्वतःचा वेळ असतो. तो मान्य करून एखादाच टप्पा नीट शिकवला, तर शिकणाऱ्याला काही मिळते आणि कारागिराचा मानही राहतो. दोन तासांत पूर्ण वस्तू हातात ठेवण्याचा अट्टहास धरला, की कलेचे नाव तेवढे उरते.

जपानमधील व्यवस्थेमागे कायदा आणि विचार दोन्ही आहेत. यानागी सोएत्सू आणि त्यांच्या कुंभारमित्रांनी १९२५च्या सुमारास रोजच्या वापरातल्या, निनावी कारागिरांनी घडवलेल्या वस्तूंच्या सौंदर्याची चळवळ उभी केली. तिचे संग्रहालय टोकियोत १९३६ साली सुरू झाले. पुढे १९५०च्या सांस्कृतिक ठेवा संरक्षण कायद्याच्या चौकटीत थोर कारागिरांना राष्ट्रीय मान देण्याची पद्धत आली. १९७४ साली पारंपरिक हस्तोद्योगांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या कसोट्या वाचण्यासारख्या आहेत. वस्तू मुख्यतः रोजच्या जगण्यात वापरली जाणारी हवी, तिचा महत्त्वाचा भाग हाताने केलेला हवा, तंत्र आणि कच्चा माल साधारण शंभर वर्षांपासून चालत आलेला हवा आणि एका भागात ती करणाऱ्यांची पुरेशी संख्या हवी. या यादीत आज दोनशेहून अधिक कला आहेत. कला म्हणजे एकट्यादुकट्या कलावंताची करामत नसून एका गावाचा, एका वस्तीचा धंदा आहे, ही समज या कायद्याच्या मुळाशी आहे. पाहुण्यांना शिकवण्याची सोयही तिथे बहुधा अशा गावांनी आणि त्यांच्या संघांनी मिळून केली आहे.

फुकुई प्रांतातल्या एचिझेन या कागदगावात हे स्पष्ट दिसते. जपानी हातकागद तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीपासून होतो. साल वाफवायची, सोलायची, क्षारात उकळायची, वाहत्या पाण्यात धुऊन तिच्यातला प्रत्येक काळा ठिपका बोटांनी वेचून काढायचा, मग कुटून तिचा लगदा करायचा. पाण्यात तंतू एकसारखे तरंगत राहावेत म्हणून त्यात एका मुळाचा बुळबुळीत रस घालतात. हे सारे पाहुणा येण्याआधीच झालेले असते. पाहुण्याच्या हाती येते ती चौकट. ती हौदात बुडवायची, वर उचलायची, हलवत पाणी निथळू द्यायचे, हवी तर ओल्या कागदावर पाने-फुले मांडायची. पुढचे दाबणे आणि वाळवणे पुन्हा कारागीर करतात. पाहुण्याचा वेळ अर्धा-पाऊण तास. पण जो टप्पा त्याने केला तो खराच असतो आणि कुशल हात तोच टप्पा कसा करतो हे त्याला शेजारच्याच हौदावर दिसते.

अशीच वाटणी इतरत्र आढळते. माशिको गावात पाहुणा चाकावर वाटी उभी करतो. सुकवणे, झिलई आणि भट्टी ही कामे कुंभार करतो आणि भाजलेली वाटी महिना-दोन महिन्यांनी टपालाने घरी पोहोचते. कानाझावा हे सोन्याच्या वर्खाचे शहर. जपानचा जवळजवळ सगळा वर्ख तिथेच होतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. तो कुटून पातळ करणे वर्षानुवर्षांचे काम, तेव्हा पाहुण्याला वर्ख लावायला तेवढा देतात. नागोयातले आरिमात्सु १६०८ पासून बांधणीच्या कापडासाठी ओळखले जाते. तिथे गाठी पाहुण्याने बांधायच्या आणि रंगाऱ्याने कापड रंगवायचे. बांधणी म्हटले की मराठी माणसाला कच्छ-सौराष्ट्र आठवते. तीच युक्ती दूरच्या दोन देशांत स्वतंत्रपणे मुरलेली पाहणे हाही अशा प्रवासाचा लाभ आहे.

ही वाटणी मोडते तेव्हा काय होते, त्याचे उदाहरणही जपानमध्येच मिळते. फुटलेले भांडे राळेने जोडून सांध्यांवर सोन्याची भुकटी बसवण्याची किंत्सुगी ही कला गेल्या काही वर्षांत जगभर गाजली. तिच्यातली उरुशी राळ एका झाडाचा चीक असते. दमट आणि उबदार हवेतच ती घट्ट होते, एकेका थराला दिवस लागतात आणि कच्ची असताना ती अंगाला लागली तर पुरळ उठते. खरे काम आठवड्यांचे, कधी महिन्यांचे. पर्यटकांसाठीच्या दोन तासांच्या वर्गात म्हणून बहुतेक ठिकाणी कृत्रिम गोंद आणि पितळेची भुकटी वापरतात. तसे आधीच स्पष्ट सांगणारे वर्गचालक प्रामाणिक म्हटले पाहिजेत. पण शिकणाऱ्याने घरी नेले ते किंत्सुगीचे चित्र, किंत्सुगी नव्हे. थांबणे हाच त्या कलेचा गाभा आहे आणि घाईच्या सुटीत नेमका तोच वगळला जातो.

महाराष्ट्रातून जपानला जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ऑनलाइन व्हिसा मिळतो. अडचण आहे ती वेळापत्रकाची. चेरीच्या बहराचा मोसम मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचा, म्हणजे इथल्या शाळांच्या परीक्षांचा. मे महिन्याची सुटी लागते तोवर तिथे एप्रिलअखेरीस सुरू होणारा सलग सुट्यांचा आठवडा येऊन गर्दी शिगेला पोहोचलेली असते. कारागिरी शिकण्यासाठी जायचे तर मेचा दुसरा पंधरवडा किंवा दिवाळीनंतरचा पानगळीचा काळ जास्त सोयीचा. तिथे भाषेची भिंतही असते. कारागीर हाताने दाखवतो, ते कळते. पण तो हे असेच का करतो, हे विचारता येत नाही. शिकण्यातला निम्मा अर्थ त्या ‘का’मध्ये असतो.

नेमकी हीच भिंत घराजवळच्या प्रवासात नसते. उदाहरणादाखल नवी मुंबईतले बोनकोडे घ्या: कोपरखैरणेतले मूळ गाव, आगरी-कोळी वस्तीचे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली, या पट्ट्यातली भातशेती आणि मिठागरे नव्या शहरात गेली आणि गावठाणाभोवती सेक्टर उभे राहिले. आज तिथे आणि आसपास सातारा-सांगलीकडून बाजार समितीत कामाला आलेल्या माथाडी कुटुंबांपासून कार्यालयात नोकरी करणाऱ्यांपर्यंत सगळे राहतात. कोपरखैरणे स्थानकावरून एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला पनवेल. ठाण्याकडून पालघर जिल्ह्यातले वारली पाडे एका दिवसाच्या टप्प्यात येतात. पनवेलपुढे पेण आणि रात्रीच्या कोकण रेल्वेने सकाळी कुडाळ-सावंतवाडी. दोन-तीन दिवसांच्या जोडसुटीत यांतले कोणतेही ठिकाण बसते आणि सगळीकडे मराठीत बोलता येते. बोली वेगळी असली तरी प्रश्न विचारता येतो आणि उत्तर समजते.

यांत सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेली कला वारली चित्रांची. मुळात ती लग्नघरातली. कुडाच्या भिंतीला शेणामातीने सारवून, गेरूचा हात देऊन, तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक काढायचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. काढणाऱ्या सवाष्णी, गाणारी धवलेरी. आगरी लग्नातही धवला म्हणणारी धवलारीण असते, त्यामुळे बोनकोड्यातल्या जुन्या घरांना हे परके वाटू नये. दोन्ही समाजांत लग्नाचे विधी बाईच्या गळ्यातून आणि हातातून पुढे जात आले. भिंतीवरचे हे चित्र कागदावर उतरले ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागात जाऊन कागद आणि रंग दिले तेव्हा. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीबाहेर, स्वतःच्या ओढीने रोज चित्रे काढायला सुरुवात केली आणि आतापर्यंत बायकांचे असलेले काम पुरुषांच्याही हाती आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सुटीत शिकायला येणाऱ्याला बहुतेक रिसॉर्टांमध्ये गेरूच्या रंगाचा तयार कागद, पांढऱ्या पोस्टर रंगाची बाटली आणि नमुन्याचे चित्र मिळते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस, वर गोल म्हणजे डोके, काड्यांसारखे हातपाय, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे. तासाभरात चित्र होते. यात खोटे काही नाही, कारण पाड्यांवरचे कलाकारही आज कापडावर बहुधा पांढरा पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंगच वापरतात. पण यात कलाही जवळजवळ नाही. कलाकाराच्या घरी जाऊन शिकले की पहिला तास चित्राविनाच जातो. तांदूळ भिजवून वाटायचा, पाणी आणि डिंक घालून तो बोटावर कसा धरतो ते पाहायचे. बांबूची काडी टोकाला चावून तंतू मोकळे करायचे. फार चावली तर रेष फुगते, कमी चावली तर रंग उतरत नाही. मग एकच गोष्ट करत राहायची: झाडाच्या पानांच्या किंवा भाताच्या लोंब्यांच्या बारीक रेषा, एकीशेजारी एक, हात न उचलता. म्हसे यांच्या मासे धरण्याच्या जाळ्याच्या चित्रांत अशा हजारो रेषांनी सारा अवकाश भरलेला दिसतो. माणूस काढणे सोपे. अवकाश रेषांनी जिवंत ठेवणे अवघड, हे हाताला कळायला अर्धा दिवस पुरतो. एका सुटीत वारलीची एवढी ओळख झाली तरी ती खरी ओळख आहे. त्यानंतर भेटवस्तूंच्या दुकानात छापलेला वारली नमुना आणि हाताने काढलेले चित्र यांत फरक करता येतो.

वारली आणि जपान यांचा एक थेट धागाही आहे. निइगाता प्रांतातल्या तोकामाची इथे मिथिला संग्रहालय आहे. तोकिओ हासेगावा यांनी ते १९८२ साली एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत उभे केले. मधुबनी चित्रांबरोबर तिथे वारली चित्रांचाही मोठा संग्रह आहे आणि म्हसे यांच्यासह भारतातले कलाकार तिथे राहून काम करून आले आहेत. निवांत वेळ, जागा आणि साहित्य मिळाले की कलाकार काय करू शकतो, हे तिथल्या मोठ्या चित्रांत दिसते. प्रवासातून कला वाढते ती अशी मुक्कामाने. शिकणाऱ्याच्या बाबतीतही हे खरे आहे.

वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिकणाऱ्याने याचा अर्थ ध्यानात घ्यायला हवा. घरी भिंतीवर काढायला, मुलांना शिकवायला कुणाची आडकाठी नाही. पण ‘वारली चित्र’ या नावाने माल विकण्याचा हक्क त्या मुलखातल्या नोंदणीकृत वापरकर्त्यांचा आहे. चार तासांचा वर्ग करून आलेल्याने शहरात वारलीचे सशुल्क वर्ग काढणे कायद्याच्या कोणत्या कलमात बसते हा वेगळा प्रश्न, पण ते न्यायाचे नाही. शहरात वर्ग हवाच असेल तर पाड्यावरच्या कलाकाराला बोलावून पूर्ण मानधन द्यावे, हा सरळ मार्ग उघडा आहे.

पेणची गोष्ट वेगळी. तिथली कला साऱ्या महाराष्ट्राच्या देवघरात पोहोचली आहे आणि पेण, हमरापूर, जोहे या भागांतल्या कारखान्यांत वर्षभर गणपतीच्या मूर्ती होतात. शाडूची माती गुजरातेतून येते. साच्यातून काढलेल्या मूर्तीवर हात फिरवून सांधे लपवणे, रंग देणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी, असा क्रम असतो. आखणी कारखान्यातल्या एक-दोन अनुभवी हातांकडेच राहते. नवागताला शिकता येतो तो मातीचा टप्पा: शाडू मळणे, छोटी मूर्ती हाताने उभी करणे, तडे का जातात ते समजणे. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत मात्र कारखान्यात शिकवायला कुणाला उसंत नसते. नवी मुंबईतल्या सोसायट्यांत त्याच सुमारास शाडूच्या कार्यशाळा होतात, त्या मुलांसाठी छान. मोठ्यांनी पेणला जायचे तर थंडीत किंवा मेमध्ये जावे.

सावंतवाडीला मात्र घाई सोडूनच जायला हवे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकडे, म्हणजे एकूण १२० पाने. इंग्रजी पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी मोजक्या उरलेल्या चितारींना हाताशी धरून राजवाड्यात काम पुन्हा सुरू केले. दोघांनी स्वतः ही कला शिकून घेतली, हे विशेष. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चित्रकार आजही पाने रंगवताना दिसतात आणि पाहुण्यांना जवळ बसून पाहता येते.

पान तयार करण्याची जुनी पद्धत अशी: कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग गुळगुळीत दगडाने घोटाई. घोटलेल्या थरातून गोल कापायचे, जमिनीचा रंग द्यायचा, मग चित्र आणि शेवटी लाखेचे रोगण. पत्त्याच्या आकाराच्या गोलात मत्स्यावताराचा राजा बसवायचा असतो, त्याच्या कपाळावरचा गंधाचा टिळाही स्पष्ट हवा. नवख्या माणसाला राजा देण्यात अर्थ नसतो. आकड्याचे पान द्यावे: कूर्मावताराचे पाच, म्हणजे पाच कासवे, एका मापाची, एका अंतरावर. पहिले कासव जमते, दुसरे पहिल्यापेक्षा मोठे होते, पाचव्याला जागा उरत नाही. १२० पानांच्या संचात अशी पुनरुक्ती किती असेल आणि संचाची किंमत तेवढी का, हे त्या पाचव्या कासवाशी कळते. त्या एका पानाने घडवलेले गिऱ्हाईक पुन्हा कधी चितारीशी घासाघीस करणार नाही. अशा वर्गांचा सर्वांत मोठा उपयोग हाच, असे म्हणायला जागा आहे.

चितार आळीतले लाकडी काम हा सावंतवाडीचा दुसरा वारसा. लाकडाची फळे, खेळणी, पाट, चौरंग. कातकामाच्या यंत्रावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. जपानी उरुशी झाडाच्या चिकाची, इथली लाख किड्याने केलेल्या राळेची. एक दमट हवेत हळूहळू घट्ट होते, दुसरी उष्णतेने क्षणात बसते. म्हणूनच लाखेचे काम पाहुण्याला एका बैठकीत खरेखुरे करता येते, त्याला खोटा पर्याय शोधावा लागत नाही. किंत्सुगीच्या वर्गांना जी सवलत मिळत नाही ती इथे निसर्गानेच दिली आहे, आणि सावंतवाडीने तिचा पुरेसा फायदा घेतलेला नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी नुसती चित्रे नव्हेत. कथा सांगत एकेक चित्र समोर धरायचे, जोडीला वाद्य आणि गाणे. म्हणून इथे हात कमी आणि कान जास्त लागतात. बाहुलीच्या दोऱ्या हातात घेऊन तिला चार पावले चालवणे, हे पाहुण्याला मिळणारे खरे शिक्षण. त्याच परिसरात कुडाळला बांबूच्या वस्तू आणि बांधकामाचे प्रशिक्षण देणारे कॉनबॅक केंद्र २००४ पासून आहे. सुटीपेक्षा दीर्घ शिक्षणासाठी ते योग्य.

येवल्याची पैठणी ही सुटीच्या हिशेबात न बसणारी कला. शिर्डीहून येवले तीसेक किलोमीटर, त्यामुळे भाविकांची गर्दी खरेदीसाठी कायम. मागावर काठ आणि पदराच्या नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने भरतात. विणकर ताण्याचे धागे मोजत जिथे मोर संपतो तिथे बाणा वळवून शेजारच्या रंगात अडकवतो. म्हणून अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. साध्या साडीलाही आठवडे, भरजरी पदराला अनेक महिने. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायला विणकर हौसेने देतात. पण पाहुण्याने टाकलेले चार धागे नंतर उसवावेच लागतात. इथे शिकायचे ते उलट्या बाजूने पाहायला. साडी उलटवून लटकणारे धागे आहेत का ते तपासणे, यंत्रावरची नक्कल ओळखणे, कांड्यांची संख्या आणि किंमत यांचा संबंध समजणे. विणकराचा अर्धा दिवस यात जातो, तो फुकट मागू नये.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला उगमाचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा त्या मानांकनाचा अर्थ अनेकांना पहिल्यांदा कळला. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावणे, तळ जोडणे, कान बसवणे, वेणी विणणे ही कामे वेगवेगळ्या हातांत असतात, आणि त्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या जातीची शिवाशिव सोसावी लागली. आज शहरी पाहुणा तिथे बसून चामड्याच्या पट्ट्यांची वेणी शिकतो ही चांगली गोष्ट आहे, पण तो छंद म्हणून करतो ते काम ज्यांना सक्तीने वाट्याला आले, त्यांच्या घरात आपण बसलो आहोत, एवढे भान असावे. वेणी विणणे दोन तासांत हाताला बसते. कातडे कमावणे पाहूनही पूर्ण होत नाही, कारण त्याला आठवडे लागतात.

नवी मुंबईतल्या माथाडी कुटुंबांसाठी सुटी म्हणजे गावाला जाणे. सातारा-सांगली-सोलापूरच्या माणदेशी पट्ट्यात घोंगडी विणणारे सनगर आणि धनगर अजून आहेत. दख्खनी मेंढीची लोकर, हाताने काढलेले सूत, चिंचोक्याची खळ, जमिनीतला माग. वर्ग नाही, फलक नाही, शुल्क ठरलेले नाही. गावच्या ओळखीने दोन दिवस बसून लोकर पिंजणे आणि सूत काढणे शिकता येते, आणि घोंगडीवर भंडाऱ्याच्या कार्यक्रमात बसलेल्या मुलाला ती कशी होते ते कळते. महाराष्ट्रातले हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले गेलेले शिक्षण आहे.

ज्यांना सुटीपेक्षा जास्त वेळ देता येतो त्यांच्यासाठी देशात जुन्या जागा आहेत. हिमाचलातले अंद्रेट्टा कुंभारकामासाठी प्रसिद्ध. त्यामागची परंपरा गुरचरण सिंग यांची. १९२०च्या सुमारास ते जपानला गेले, तिथे यानागी आणि त्यांचे कुंभारमित्र हामादा व बर्नार्ड लीच यांच्या सहवासात आले आणि पुढे त्यांनी दिल्लीत आपली पॉटरी चालवली. अंद्रेट्टात तीन महिन्यांचे निवासी शिक्षण मिळते. पुदुच्चेरीत १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीने भारतीय कुंभारकलेची एक अख्खी पिढी घडवली. स्मिथ यांचे शिक्षण जपानमधल्या बिझेनचे. कच्छमध्ये २००१च्या भूकंपानंतर वसलेल्या अजरखपुरात ठशांच्या छपाईचा एकेक टप्पा शिकता येतो. अजरखला धुणे, हिरडा, ठसे, नीळ, मंजिष्ठा असे डझनभर टप्पे लागतात, तेव्हा एका दिवसात हात लागतो तो ठसा उमटवण्याला आणि निळीच्या हौदाला.

पैशाचा विचार टाळता येत नाही. कारागीर तीन तास शिकवतो तेव्हा त्याचे तीन तासांचे उत्पादन थांबते, साहित्य वाया जाते आणि शिकवण्याची वेगळी दमछाक होते. शुल्क किमान त्याच्या दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त हवे. रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये ‘हस्तकला अनुभव’ फुकट म्हणून जोडला जातो तेव्हा त्याची किंमत बहुधा कारागिरानेच भरलेली असते. राज्य सरकारच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतकऱ्यांच्या घरी पाहुणे उतरण्याची सोय वाढली. वारली पाड्यांत आणि कोकणात कारागीर हाच शेतकरी असतो, म्हणून हे धोरण हस्तकलेलाही लागू पडते. पण त्यातून एक अडचणही निघते. दिवाळीच्या सुटीत पाहुणे येतात तेव्हा पालघर आणि कोकणात भाताची कापणी चालू असते, पावसाळ्यात लावणी. शिकायला येणाऱ्याने तारीख आपल्या सुटीवरून न ठरवता कारागिराच्या शेतावरून ठरवावी. दिवाळीनंतर कापणी आटोपल्यावर ते उन्हाळ्यापर्यंतचा काळ उत्तम.

जपानकडून महाराष्ट्राने घेण्यासारखी एक गोष्ट उरते: परत गेल्यानंतरचा दुवा. पाहुण्याने केलेले अर्धे काम कारागिराने पुरे करून घरी पाठवायचे, ही साधी सोय इथे जवळजवळ नाही. सावंतवाडीत पाहुण्याने रंगवलेल्या पानावर चितारीने रोगण चढवून ते कुरियरने पाठवणे, येवल्यात पाहुण्याने निवडलेल्या नक्षीची प्रगती महिन्यामहिन्याला फोनवर दाखवणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. कारागिरांचे संघ आणि टपाल यांवर हे चालू शकते. नवी मुंबईकरांना दुसराही दुवा आहे. सीबीडी बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये राज्यातले आणि देशभरातले कारागीर ठराविक काळाने माल घेऊन येतात. सुटीत ज्याच्याकडे शिकले तो किंवा त्याच्या गावचा कोणी तिथे भेटला, तर शिकलेल्या कामाच्या चुका दाखवून घेता येतात, पुढच्या भेटीची वेळ ठरवता येते आणि मध्यस्थाविना खरेदी करता येते. हाटात मांडणी लावताना सकाळच्या वेळी कारागिराला बोलायला उसंत असते, संध्याकाळी नसते.